तिमाही निकाल आणि गुडविलचं इम्पेअरमेंट : जळगावच्या फायबर कंपनीचा हिशेब

सप्टेंबरअखेर पुस्तकं बंद करताना इंटरनेट कंपनीच्या अकाउंट्स विभागात आधी बिलं, टीडीएस आणि जीएसटीचा ढीग उपसला जातो. गुडविलची, म्हणजे धंदा विकत घेताना त्याच्या मालमत्तेहून जास्त मोजलेल्या पैशाची, फाइल कपाटातच राहते, कारण "त्याची टेस्ट मार्चला असते." हे अर्धंच खरं आहे. गुडविलचं मूल्य घटल्याचा तोटा, म्हणजेच इम्पेअरमेंट, एखाद्या तिमाहीत नोंदवला की तो कायमचा. मार्चपर्यंत धंदा सावरला तरी तो परत घेता येत नाही. आणि नोंदवायची वेळ येऊनही मार्चपर्यंत ढकलला, तर मधल्या तिमाहीचा निकालच चुकतो. म्हणून तोटा कोणत्या तिमाहीत, किती आणि कशाच्या आधारावर, हे दर तीन महिन्यांनी कागदावर सोडवावं लागतं.

समजायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक कंपनी धरू. मुख्य ऑफिस जळगावला, शेअर बाजाराच्या मेन बोर्डावर नोंदलेले, धंदा घरोघरी फायबर इंटरनेट देण्याचा. गेल्या काही वर्षांत तिने भुसावळ, चाळीसगाव आणि धुळे–नंदुरबार पट्ट्यातल्या केबलवाल्यांचे इंटरनेट व्यवसाय विकत घेतले. केबल, ओएलटी (अनेक ग्राहकांच्या फायबर जोडण्या सांभाळणारं यंत्र), राउटर, ग्राहकयादी अशा ओळखता येणाऱ्या मालमत्तेच्या वाजवी मूल्यातून देणी वजा केली, आणि त्याहून जास्त मोजलेला पैसा गुडविल म्हणून पुस्तकात बसला. लेखातले सगळे आकडे या काल्पनिक कंपनीचे आहेत. नियम आणि तारखा मात्र खऱ्या.

आधी नियम कोणाला लागतात

मेन बोर्डावरच्या कंपनीला इंड एएस, म्हणजे भारतीय लेखामानकं, लागतात. तिमाही निकालासाठी इंड एएस ३४, इम्पेअरमेंटसाठी इंड एएस ३६. निकाल कधी द्यायचा हे इंड एएस ३४ सांगत नाही, ते सेबीच्या लिस्टिंग नियमावलीतला नियम ३३ सांगतो. पहिल्या तीन तिमाह्यांचे निकाल तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत, ऑडिटरच्या लिमिटेड रिव्ह्यूसह, म्हणजे ऑडिटपेक्षा मर्यादित तपासणीसह. वार्षिक निकाल ऑडिट करून ६० दिवसांत.

लहान-मध्यम कंपन्यांसाठीच्या एसएमई प्लॅटफॉर्मवर नोंदलेल्या कंपनीला इंड एएस सक्तीचे नाहीत आणि तिचे निकाल सहामाही असतात. तिथे जुनी मानकं चालतात, एएस २५ आणि एएस २८. एएस २८ मध्ये एका अगदी अपवादात्मक परिस्थितीत गुडविलवरचा तोटा उलटवता येतो. बाहेरच्या एका विशिष्ट, पुन्हा घडण्याची अपेक्षा नसलेल्या घटनेमुळे तोटा झाला असेल आणि नंतरच्या बाह्य घटनांनी तिचा परिणाम पुसला असेल, तरच. इंड एएसमध्ये ही पळवाटही नाही. जुन्या मानकांवर शिकलेले सीए इथे हमखास फसतात.

गुडविल कोणत्या पुस्तकात आहे हेही आधी पाहून घ्या. धंदा थेट विकत घेतला असेल तर गुडविल कंपनीच्या स्वतःच्या, म्हणजे स्टँडअलोन ताळेबंदात येतं. केबलवाल्याच्या कंपनीचे शेअर घेतले असतील तर ते फक्त एकत्रित, म्हणजे कन्सॉलिडेटेड ताळेबंदात दिसतं, आणि स्टँडअलोनमध्ये 'उपकंपनीतली गुंतवणूक' दिसते. ही गुंतवणूक खरेदीकिमतीला धरली असेल तर तीही इंड एएस ३६ खाली तपासावी लागते, पण तिच्यावरचा तोटा पुढे परिस्थिती सुधारली तर उलटवता येतो. म्हणजे एकाच घटनेमुळे स्टँडअलोनचा तोटा पुढे परत येऊ शकतो आणि कन्सॉलिडेटेडचा येत नाही. दोन निकालांमध्ये असा फरक पडला की गुंतवणूकदारांचे फोन येतात, तेव्हा उत्तर आधीच तयार ठेवा.

४५ दिवस कसे वाटायचे

३० सप्टेंबरला तिमाही संपली की मुदत १४ नोव्हेंबरला येते. या काळात बहुतेक वर्षी दसरा किंवा दिवाळी असतेच, आणि तालुक्याची कलेक्शन ऑफिसं तीन-चार दिवस बंद राहतात. म्हणून इम्पेअरमेंटचं काम तिमाही संपण्याची वाट न पाहता सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातच हातात घ्यायचं. ऑगस्टअखेरचे ग्राहकांचे आकडे लक्षणं पाहायला पुरतात.

साधारण क्रम असा. सप्टेंबर संपायच्या आत लक्षणांचा कागद तयार. ऑक्टोबरच्या १० तारखेपर्यंत ग्राहकसंख्या, वसुली आणि खर्च बंद. २० पर्यंत गरज असल्यास मूल्याचा पूर्ण हिशेब. २५ पर्यंत तो ऑडिटरच्या हातात, कारण डिस्काउंट रेटवर, म्हणजे पुढच्या कमाईचं आजचं मूल्य काढायच्या दरावर, त्यांचे प्रश्न येणारच आणि त्यात आठवडा सहज जातो. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ऑडिट कमिटी, मग संचालक मंडळ. बैठक संपल्यापासून ३० मिनिटांत निकाल एक्सचेंजला कळवायचा. बैठक बाजाराच्या वेळेनंतर संपली असेल तर ३ तास मिळतात. तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर होऊन ४८ तास उलटेपर्यंत ट्रेडिंग विंडो बंद असते, म्हणजे आतली माहिती असणाऱ्यांना कंपनीच्या शेअरचे व्यवहार करता येत नाहीत. इम्पेअरमेंटच्या एक्सेलला हात लावणाऱ्या प्रत्येकाला हे लेखी कळवा, अगदी नंदुरबारहून आकडे पाठवणाऱ्या शाखाप्रमुखालाही. त्याच्याकडे जी माहिती आहे ती किंमतीवर परिणाम करणारी आहे, हे त्याला सांगितल्याशिवाय कळणार नाही.

या ४५ दिवसांत घडलेल्या घटनाही मोजाव्या लागतात. याचं भारतीय टेलिकॉममधलं सर्वांत मोठं उदाहरण २०१९ चं. एजीआर म्हणजे समायोजित सकल महसुलाच्या वादावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २४ ऑक्टोबर २०१९ ला आला. तिमाही ३० सप्टेंबरला संपलेली होती, पण कंपन्यांचे तिमाही निकाल जाहीर व्हायचे होते. वाद जुना आणि देणं मागच्या काळातलं, म्हणून तरतूद सप्टेंबरच्याच तिमाहीत घ्यावी लागली. त्या एका तिमाहीत व्होडाफोन आयडियाने ५०,९२२ कोटी आणि भारती एअरटेलने २३,०४५ कोटी रुपयांचा तोटा दाखवला. तारखेनंतरची घटना तारखेच्या परिस्थितीचा पुरावा देत असेल तर ती मागच्या तिमाहीत जाते. पण ऑक्टोबरमध्ये एखाद्या बड्या कंपनीने धुळ्यात नव्याने सेवा सुरू केली, तर ती ऑक्टोबरची घटना. तिचा परिणाम डिसेंबरच्या तिमाहीत. फक्त ती इतकी मोठी असेल की न सांगितल्याने वाचणारा फसेल, तर सप्टेंबरच्या निकालाच्या टिपेत तिचा उल्लेख हवा.

युनिट ठरवणं आणि गुडविल वाटणं

गुडविल एकटं पैसे कमावत नाही. म्हणून ते कॅश जनरेटिंग युनिटला, सीए मंडळींच्या भाषेत सीजीयूला, वाटून द्यावं लागतं. स्वतंत्रपणे रोख पैसा आणणारा सर्वांत लहान गट म्हणजे सीजीयू. गुडविल अशा पातळीला वाटायचं जिथे व्यवस्थापन त्याच्यावर खरोखर लक्ष ठेवतं, आणि ती पातळी ऑपरेटिंग सेगमेंटपेक्षा (कंपनी स्वतंत्र अहवाल देते त्या व्यवसाय-विभागापेक्षा) मोठी असता कामा नये.

आपल्या कंपनीत भुसावळ आणि जळगाव एकाच हेडएंडवरून (मुख्य सिग्नल केंद्रावरून) चालतात, बँडविड्थ एकत्र विकत घेतात, आणि मंडळासमोर त्यांचा एकच अहवाल जातो. ते एक सीजीयू. चाळीसगाव वेगळं. धुळे–नंदुरबार वेगळं. शहादा–तळोद्याला वेगळं करता येईल का? तिथली फायबर धुळ्याच्या मुख्य फायबर-रिंगशिवाय चालत नसेल आणि अहवालही एकत्र जात असेल, तर नाही.

इथली नेहमीची चूक म्हणजे जळगावचा जोरात चाललेला धंदा आणि नंदुरबारचा रडतखडत चाललेला धंदा एकाच युनिटमध्ये ठेवून एकाचा नफा दुसऱ्याच्या तोट्यावर पांघरूण म्हणून वापरणं. ऑडिटर मंडळाच्या अहवालाची प्रत मागतो. तिथे दोन ओळी वेगळ्या असतील तर तुमचं एकच युनिट टिकत नाही. विभागणी बदलायचीच असेल तर खरी पुनर्रचना झालेली हवी. तोटा दिसायला लागल्यावर केलेली पुनर्रचना सगळ्यांना ओळखू येते.

याच वर्षी धंदा विकत घेतला असेल तर त्याच्या गुडविलची पहिली टेस्ट ते वर्ष संपण्याआधी झालीच पाहिजे. खरेदीकिमतीची विभागणी १२ महिन्यांत पक्की करायची मुभा आहे, पण त्या कारणावर टेस्ट अनिश्चित काळ टांगून ठेवता येत नाही.

दर तिमाहीचा लक्षणांचा कागद

गुडविलची टेस्ट वर्षातून एकदा, दरवर्षी त्याच सुमारास करावीच लागते, लक्षण असो वा नसो. एका युनिटची डिसेंबरला आणि दुसऱ्याची मार्चला ठेवली तरी चालते. त्याशिवाय प्रत्येक तिमाहीच्या शेवटी मागच्या टेस्टनंतर काही बिघडलंय का, हे पाहावं लागतं. पूर्ण हिशेब दर तिमाहीला नको, पण लक्षणांचा कागद दर तिमाहीला हवा, आणि त्यावर सीएफओची (वित्तप्रमुखाची) तारखेसह सही.

बाहेरच्या लक्षणांत आधी व्याजदर पाहा. रेपो दर मे २०२२ मधल्या ४ टक्क्यांवरून फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५ टक्क्यांवर गेला. अशा वेळी धंद्यात काहीच बदललं नसलं तरी डिस्काउंट रेट चढतो आणि मूल्य घसरतं. मग कंपनीची बाजारातली एकूण किंमत पाहा. ती पुस्तकी निव्वळ मालमत्तेपेक्षा खाली गेली असेल तर ते ठळक लक्षण आहे, "बाजार वेडा आहे" एवढं उत्तर पुरत नाही. त्यानंतर तंत्रज्ञान आणि स्पर्धा. ब्रिटनच्या व्होडाफोन समूहाने ३० सप्टेंबर २०१६ ला संपलेल्या सहामाहीत आपल्या भारतीय व्यवसायाचं मूल्य करानंतर सुमारे ५ अब्ज युरोंनी कमी केलं. जिओची सेवा त्याच महिन्याच्या ५ तारखेला सुरू झाली होती. वर्षअखेरीची वाट त्यांनी पाहिली नाही.

आतली लक्षणं आकड्यांत येण्याआधी गच्चीवर दिसतात. दोंडाईच्याच्या लाइनमनला जुलैतच कळतं की कोणत्या गल्लीत ५जी वायरलेस ब्रॉडबँडचे पांढरे डबे लागू लागलेत. अकाउंट्सला ते नोव्हेंबरच्या वसुलीत कळतं. म्हणून कागदावर प्रत्येक युनिटसाठी चार आकडे हवेत. तिमाहीच्या सुरुवातीचे आणि शेवटचे चालू ग्राहक. महिन्याची ग्राहकगळती. जीएसटी वगळून दर ग्राहकामागे महिन्याची सरासरी कमाई. आणि टेस्टमध्ये धरलेल्या अंदाजाशी प्रत्यक्ष रोख कमाईची तुलना. सलग दोन तिमाह्या प्रत्यक्ष कमाई अंदाजापेक्षा १० टक्क्यांहून कमी आली तर पूर्ण हिशेब करायचा, असा नियम कंपनीने स्वतःसाठी लिहून ठेवावा. ही १० टक्के रेघ मानकात नाही, पण रेघ नसली की दर वेळी "अजून एक तिमाही पाहू" होतं.

हंगामी चढउताराला लक्षण समजू नका. शिरपूर, जळगावची विद्यार्थी वसतिगृहं मे-जूनमध्ये रिकामी होतात आणि कनेक्शनं थांबतात. मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी तुलना केली की हे उघड होतं. मात्र हंगाम म्हणून जूनचा खर्च पुढे ढकलता येत नाही. रावेर-यावल भागात वादळाने केळीच्या बागा आडव्या होतात तेव्हा खांबही पडतात. त्या दुरुस्तीचा खर्च ज्या तिमाहीत झाला त्याच तिमाहीत. आणि दिवाळीत ग्राहकाने वर्षाचे पैसे एकदम भरले तरी महसूल दर महिन्याचा दर महिन्यालाच.

प्रत्यक्ष हिशेब

समजा सप्टेंबरच्या कागदावर धुळे–नंदुरबार युनिट लाल झालं. पहिली पायरी, वाया गेलेली वस्तू वेगळी काढा. रस्ता रुंदीकरणात तुटलेली आणि परत न वापरण्याजोगी फायबर, वीज पडून जळालेले ओएलटी, हे आधी स्वतंत्रपणे बाद करा. मग उरलेलं युनिट तपासा. क्रम उलटा झाला तर वस्तूंचा तोटा गुडविलवर जाऊन बसतो.

बाद करून उरलेली पुस्तकी किंमत, कोटी रुपयांत:
फायबर आणि यंत्रसामग्री ३६
ग्राहकसंबंध ६
ऑफिसच्या भाडेकरारांचा वापरहक्क ४
गुडविल १८
एकूण ६४

उपकंपनीत आपला हिस्सा ७० टक्के असेल आणि अल्पसंख्य भागधारकांचा हिस्सा निव्वळ मालमत्तेच्या प्रमाणात मोजला असेल, तर टेस्टपुरतं गुडविल १०० टक्क्यांवर फुगवून घ्यावं लागतं. आपण पूर्ण मालकी धरली आहे.

आता वसूलयोग्य रक्कम. वापरातून येणारं मूल्य आणि विक्रीखर्च वजा जाता वाजवी मूल्य, यांतलं जे जास्त ते. खान्देशात केबल नेटवर्कचे सौदे क्वचित होतात आणि दर उघड होत नाहीत, त्यामुळे बहुधा वापरातल्या मूल्यावरच भिस्त असते.

पहिल्या वर्षाची रोख कमाई अशी बांधा. चालू ग्राहक ३२,०००. ग्राहक महिन्याला ५३१ रुपये देतो, त्यातून १८ टक्के जीएसटी काढला की कंपनीचे ४५०. बिलावरचा आकडा तसाच धरणं ही चूक चांगल्या मॉडेलमध्येही सापडते. ३२,००० गुणिले ४५० गुणिले १२, म्हणजे १७.२८ कोटी. खर्च: स्थानिक केबलवाल्यांचा वाटा ३.५, पगार २.४, बँडविड्थ २.३, वीज-खांबभाडं-दुरुस्ती १.६, लायसन्स फी आणि इतर ०.६. बेरीज १०.४ कोटी. जुनी यंत्रं बदलण्याचा वार्षिक खर्च १.६८ कोटी. हातात ५.२० कोटी.

व्याज आणि आयकर यात येत नाहीत. ठरलेली नसलेली पुनर्रचना येत नाही. धडगावकडे नवी फायबर टाकून मिळणारे नवे ग्राहकही येत नाहीत, कारण तो खर्च अजून झालेला नाही. मार्केटिंगचा माणूस हेच ग्राहक मॉडेलमध्ये घालायचा आग्रह धरतो. ऑफिसचं भाडं आपण खर्चात धरलं नाही म्हणून वापरहक्काचे ४ कोटी पुस्तकी किमतीत घेतले. पण करार संपल्यावर नवं भाडं लागणारच, ते पुढच्या वर्षांच्या कमाईतून आणि शेवटच्या मूल्यातून वजा हवं.

अंदाज सहसा जास्तीत जास्त पाच वर्षांचे. पाच वर्षांची रोख कमाई ५.२, ५.५, ५.८, ६.१, ६.४ कोटी. करपूर्व डिस्काउंट रेट १४ टक्के, पाचव्या वर्षानंतरची कायमची वाढ ४ टक्के.

आजचं मूल्य काढण्याचे गुणक ०.८७७२, ०.७६९५, ०.६७५०, ०.५९२१, ०.५१९४. गुणाकार केले की ४.५६, ४.२३, ३.९२, ३.६१, ३.३२. पाच वर्षांचं आजचं मूल्य १९.६४ कोटी. शेवटचं मूल्य: ६.४ गुणिले १.०४, भागिले ०.१०, म्हणजे ६६.५६. ते ०.५१९४ ने गुणलं की ३४.५७. मधलं राउंडिंग न करता एक्सेलमध्ये बेरीज ५४.२१ कोटी येते.

पुस्तकी किंमत ६४, वसूलयोग्य ५४.२१. तोटा ९.७९ कोटी.

या ५४.२१ मधले जवळपास ६४ टक्के शेवटच्या मूल्यातून आलेत, पाच वर्षांपलीकडच्या गृहीतातून. म्हणून ऑडिटरचं बोट आधी तिथे पडतं. डिस्काउंट रेट १४ ऐवजी १५ केला तर मूल्य ४९.२५ होतं, म्हणजे तोटा जवळपास ५ कोटींनी वाढतो. वाढ ४ ऐवजी ३ टक्के धरली तर ५०.७७. हे दोन्ही आकडे मॉडेलच्या पहिल्याच पानावर ठेवा. वार्षिक अहवालात असे आकडे लागतातच.

डिस्काउंट रेटमध्ये तीन चुका नेहमीच्या. एक, करपश्चात दर घेऊन करपूर्व रोख कमाईला लावणं. दर कमी पडतो आणि मूल्य फुगतं. करपश्चात दर एक वजा कराच्या दराने भागला की करपूर्व दर मिळतो, हेही सहसा बरोबर येत नाही. आधी करपश्चात कमाई आणि दराने मूल्य काढा, मग त्याच मूल्याला पोचवणारा करपूर्व दर उलट्या दिशेने शोधा. दुसरी, धोका दोनदा मोजणं: कमाईतही कपात आणि दरातही वाढ. तिसरी, जळगावच्या बँकेने कर्ज ज्या व्याजाने दिलं तोच दर वापरणं. तो कंपनीच्या पतपात्रतेचा दर आहे, या युनिटच्या धोक्याचा नाही.

तोटा कुठे जातो

आधी गुडविलवर. आपल्या उदाहरणात १८ मधून ९.७९ गेले, उरले ८.२१. बाकी मालमत्तेला हात लागत नाही.

वसूलयोग्य रक्कम ४० कोटी आली असती तर तोटा २४. गुडविलचे १८ पूर्ण संपले असते आणि उरलेले ६ कोटी बाकीच्या ४६ कोटींच्या मालमत्तेवर पुस्तकी किमतीच्या प्रमाणात: फायबर-यंत्रांवर ४.७०, ग्राहकसंबंधांवर ०.७८, वापरहक्कावर ०.५२. पण कोणतीही वस्तू तिच्या स्वतःच्या वाजवी विक्रीमूल्याखाली ढकलता येत नाही. चालू स्थितीतल्या ओएलटीला बाजारात पुस्तकी किमतीएवढा भाव असेल तर तिचा वाटा इतरांवर जातो. गुडविलखेरीज इतर मालमत्तेवरचा तोटा पुढे सुधारणा झाली तर मर्यादेत परत येऊ शकतो.

तिमाहीत नोंद, आणि मार्चचा पेच

इंड एएस ३४ म्हणतं, निकाल किती वेळा देता यावरून वर्षाचा आकडा बदलता कामा नये. त्याच मानकाच्या परिशिष्ट अ मध्ये मात्र स्पष्ट लिहिलंय की तिमाहीत नोंदवलेला गुडविलवरचा तोटा पुढच्या तिमाहीत उलटवायचा नाही. दोन्ही वाक्यं एकमेकांशी भांडतात, आणि गुडविलपुरतं परिशिष्ट जिंकतं.

समजा मार्चमध्ये स्पर्धकाने दर वाढवले आणि युनिटचं मूल्य ६२ कोटींवर आलं. मधला घसारा बाजूला ठेवू. वर्षातून एकदाच टेस्ट केली असती तर तोटा फक्त २ कोटी निघाला असता. पण सप्टेंबरला ९.७९ नोंदवलेत, ते राहणार. निकाल वर्षातून दोनदा देणारी आणि चारदा देणारी कंपनी यांच्यात इथे खरा फरक पडू शकतो. तो टाळण्यासाठी सप्टेंबरचं लक्षण "तात्पुरतं" म्हणून झाकायचा मोह होतो. तसं केलं आणि डिसेंबरला तोटा वाढूनच निघाला, तर ऑडिटर विचारणार की सप्टेंबरला हे कळत कसं नव्हतं, आणि लाइनमनचे व्हॉट्सअॅप मेसेज तेव्हा पुरावा होतात.

चौथ्या तिमाहीचे आकडे वेगळे काढले जात नाहीत. ते ऑडिट झालेल्या वर्षाच्या आकड्यातून नऊ महिन्यांचे प्रसिद्ध आकडे वजा करून येतात. वार्षिक ऑडिटमध्ये कोणी सप्टेंबरचा तोटा कमी करून लिहिला, तर चौथ्या तिमाहीच्या रकान्यात अपवादात्मक बाबींखाली अचानक नफा दिसतो. ते उलटवणंच आहे, फक्त दुसऱ्या दाराने.

कराचा हिशेब इथे गोंधळतो. तिमाहीत कर वर्षाच्या अंदाजित सरासरी दराने धरायचा असतो. पण आयकरात २०२१-२२ या कर निर्धारण वर्षापासून गुडविलवर घसाराच मिळत नाही, आणि शेअर घेऊन कन्सॉलिडेशनमध्ये आलेल्या गुडविलला तर करपुस्तकात जागाच नाही. त्यामुळे आपल्या उदाहरणात तोट्यावर करलाभ शून्य. तिमाहीचा तोट्याआधीचा नफा १२ कोटी आणि कराचा दर २५.१६८ टक्के धरा. कर ३.०२ कोटी. तोट्यानंतरचा करपूर्व नफा २.२१. करानंतर उणे ०.८१ कोटी. म्हणजे करपूर्व नफा आहे आणि करपश्चात तोटा. हे पाहून कोणी सरासरी दर १३७ टक्के काढून पुढच्या तिमाहीला लावला, असंही घडतं. गुडविलचा तोटा दराच्या गणितातून वेगळा ठेवा, तो ज्या तिमाहीत झाला त्याच तिमाहीत.

बँकेच्या अटी पाहून घ्या, पण आधी घाबरू नका. बहुतेक करारांत टँजिबल नेट वर्थ (अमूर्त मालमत्ता वगळून उरणारी निव्वळ संपत्ती) विचारतात आणि त्यात गुडविल मुळातच वगळलेलं असतं.

टीप लिहिताना

आकडा कंपनी कायद्याच्या परिशिष्ट तीनच्या नमुन्यातल्या 'अपवादात्मक बाबी' या ओळीत जातो. प्रति शेअर कमाई मात्र तोटा धरूनच. टिपेत कोणतं युनिट, किती रक्कम, काय घडलं, मूल्य कशाने काढलं, दर किती, आणि किती गुडविल उरलं, एवढं हवं. अमळनेरसारख्या गावात, जिथे विप्रोची सुरुवात झाली आणि शेअर पिढ्यान्‌पिढ्या घरात आहेत, टीप वाचणारे लोक खरोखर असतात. अशी लिहा:

"धुळे–नंदुरबार युनिटमध्ये वायरलेस ब्रॉडबँडच्या स्पर्धेमुळे चालू ग्राहक आणि रोख कमाई अंदाजापेक्षा कमी राहिली. ३० सप्टेंबर रोजी या युनिटची वसूलयोग्य रक्कम वापरातील मूल्याच्या आधारे (करपूर्व डिस्काउंट रेट १४ टक्के, दीर्घकालीन वाढ ४ टक्के) ५४.२१ कोटी रुपये ठरली. पुस्तकी किंमत त्याहून ९.७९ कोटींनी जास्त असल्याने तेवढं गुडविल कमी करून अपवादात्मक बाबींमध्ये दाखवलं आहे. युनिटचं शिल्लक गुडविल ८.२१ कोटी रुपये आहे. या तोट्यावर करलाभ नाही."

"आव्हानात्मक व्यावसायिक वातावरण" असले शब्द नकोत. त्यातून काही कळत नाही आणि एक्सचेंजकडून खुलासा मागणारं पत्र यायची शक्यता वाढते.

सप्टेंबरला टेस्ट झाली म्हणून मार्चची वार्षिक टेस्ट सुटत नाही. ती ठरलेल्या तारखेला होणारच, आता ८.२१ कोटींच्या गुडविलवर. तोट्यानंतर युनिटची पुस्तकी किंमत आणि मूल्य एकाच रेषेवर असतात, मधली मोकळी जागा शून्य, त्यामुळे पुढची छोटीशी घसरणही थेट नफ्यातोट्यात उतरते. डिसेंबरच्या कागदावर या युनिटची ओळ सर्वांत वर ठेवा, आणि सप्टेंबरच्या मॉडेलमधल्या पहिल्या वर्षाच्या अंदाजाशेजारी प्रत्यक्ष तीन महिन्यांचे आकडे एका रकान्यात. ऑडिटर आला की आधी तोच रकाना मागतो.